सदोष मोटार आणि अमेरिकी विनोद

अमेरिकेत मोटारीची थट्टा मोटारीइतकीच जुनी आहे. पण गाडी जिवावर उठते म्हणून ती बनवणाऱ्या कंपनीची खिल्ली उडवण्याची रीत 1960 नंतरची. जुन्या थट्टेत लोक हसत ते खटाऱ्याला आणि त्याच्या मालकाला. नव्या थट्टेचे गिऱ्हाईक म्हणजे दोष ठाऊक असूनही मूग गिळून बसलेली कंपनी. ती गप्प बसली होती हे आधी उघडकीला यावे लागते, म्हणून हा विनोद नेहमी कागदपत्रांच्या मागून येतो. नियतकालिकाने केलेला शोध, कोर्टातला खटला, अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढची साक्ष यांतून कंपनीच्या फायली बाहेर पडल्या की मगच विनोदकारांच्या हाती काही लागते.

फोर्डची मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली आणि ‘टिन लिझी’ या लाडक्या नावाने घरोघर पोचली. तिच्यावरच्या चुटक्यांच्या पुस्तिका छापून विकल्या जात. हेन्री फोर्डला त्याचे वावडे नव्हते. ही फुकटची जाहिरात आहे, हे तो ओळखून होता. गाडी निरुपद्रवी होती असे मात्र नाही. पुढचे हँडल फिरवून इंजिन सुरू करताना ते कधी कधी उलटा झटका देई आणि फिरवणाऱ्याचे मनगट मोडे. त्या काळच्या सगळ्याच गाड्यांत हा प्रकार इतका सर्रास होता की मनगटाजवळच्या एका अस्थिभंगाला डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात. पण मोडलेल्या मनगटासाठी फोर्ड कंपनीला जबाबदार धरावे, असे चुटके करणाऱ्यांच्या मनातही आले नाही. मूकपटांच्या आणि सुरुवातीच्या बोलपटांच्या विनोदातही तेच दिसते. लॉरेल-हार्डीच्या ‘टू टार्स’मध्ये (1928) रस्त्यात खोळंबलेले मोटारवाले एकमेकांच्या गाड्यांचे भाग उपटून फेकतात, ‘हॉग वाइल्ड’मध्ये (1930) दोन ट्रामगाड्यांच्या मध्ये चेपलेली मोटार चपटी होऊनही चालू लागते. पडद्यावर पत्रा दुमडतो, माणसे मात्र कपडे झटकून उठतात.

अपघात म्हणजे चालवणाऱ्याची चूक, ही समजूत त्या काळात पक्की होती आणि मोटारउद्योगाला ती सोयीची होती. स्टीअरिंगमागे बसलेला ‘नट’ हाच गाडीतला सर्वांत धोकादायक भाग, अशी एक कोटी इंग्रजीत रूढ होती. नट म्हणजे बोल्टाचा जोडीदार आणि नट म्हणजे चक्रम माणूस. वाहतूक सुरक्षेच्या भाषणांत ती वर्षानुवर्षे वापरली गेली. म्हणजे मोटार अपघातांवरचा पहिला लोकप्रिय विनोद कंपन्यांच्या बाजूचाच होता.

ही समजूत हलली ती शेवरोले कॉर्वेअरमुळे. जनरल मोटर्सने 1960 सालच्या मॉडेलांत आणलेल्या या गाडीचे इंजिन मागे होते आणि मागच्या चाकांचे आस अशा पद्धतीचे होते की जोरात वळताना चाक आतल्या बाजूला दुमडून गाडी ताब्याबाहेर जाऊ शके. टेलिव्हिजनवरच्या विक्षिप्त विनोदाचा एक जनक मानला जाणारा अर्नी कोव्हॅक्स 13 जानेवारी 1962 रोजी लॉस एंजेलिसमध्ये पावसात कॉर्वेअर स्टेशन वॅगन खांबावर आदळून मरण पावला. या अपघाताचे खापर पुढे अनेकांनी गाडीवर फोडले. त्या वेळी मात्र ती एका लाडक्या कलावंताच्या मृत्यूची बातमी होती, मोटार कंपनीची बातमी नव्हती.

वकील राल्फ नेडर यांचे ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ हे पुस्तक नोव्हेंबर 1965 मध्ये आले. त्यातले एकच प्रकरण कॉर्वेअरवर होते, बाकीची संपूर्ण उद्योगावर. पुस्तकाचा खप वाढवला तो मुख्यतः जनरल मोटर्सनेच. कंपनीने नेडर यांच्या खासगी आयुष्यात काही भानगड सापडते का हे शोधायला गुप्तहेर लावले, ते उघडकीला आले आणि 22 मार्च 1966 रोजी कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली. जगातल्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने एका सडाफटिंग वकिलाच्या मागे हेर लावावेत आणि त्यांच्या हाती काहीच लागू नये, हा प्रसंग कोणत्याही प्रहसनाच्या तोडीचा होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. खासगी आयुष्यात ढवळाढवळ केल्याच्या दाव्यात नेडर यांना 1970 मध्ये तडजोडीचे 4 लाख 25 हजार डॉलर मिळाले. गंमत अशी, की सरकारी यंत्रणेने 1972 मध्ये जाहीर केलेल्या तपासणीत 1960 ते 1963 ची कॉर्वेअर तिच्या समकालीन गाड्यांहून जास्त उलटणारी ठरली नाही. तोपर्यंत गाडी बंद होऊन तीन वर्षे झाली होती आणि तिचे नाव मात्र धोक्याचा समानार्थी शब्द होऊन बसले होते.

कंपनीचे नाव घेऊन विनोद करायला तेवढे मोकळे व्यासपीठ लागते. अमेरिकी टेलिव्हिजन आणि मासिके ज्या जाहिरातींवर जगत, त्यांत मोटार कंपन्यांचा वाटा मोठा होता. म्हणून हे काम आधी ‘मॅड’सारख्या मासिकाला जमले, 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 2001 पर्यंत ते जाहिरातीच घेत नसे, त्यामुळे कोणाची भीड ठेवायचे त्याला कारण नव्हते. ‘नॅशनल लॅम्पून’ने 1973 मध्ये फोक्सवॅगनच्या जाहिरातीचे विडंबन छापले. फोक्सवॅगनने आपली बीटल पाण्यावर तरंगते असे जाहिरातींतून मिरवले होते. विडंबनात तोच धागा पकडून सिनेटर एडवर्ड केनेडी यांच्या 1969 च्या अपघातावर बोट ठेवले होते; त्या अपघातात त्यांची गाडी पुलावरून पाण्यात पडून सोबतच्या तरुणीचा मृत्यू झाला होता. नेम केनेडींवर होता, बीटलवर नव्हे; पण आपले बोधचिन्ह वापरल्याबद्दल फोक्सवॅगनने दावा ठोकला आणि मासिकाला माघार घ्यावी लागली. ते विडंबन लिहिणारी अॅन बीट्स दोनच वर्षांनी ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या नव्या कार्यक्रमाच्या पहिल्या लेखकचमूत होती.

एनबीसीवर 11 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या या कार्यक्रमाने धोकादायक मालाच्या उत्पादकाचे एक कायमचे पात्र घडवले. 11 डिसेंबर 1976 च्या भागात डॅन अॅक्रॉइडने अर्विन मेनवे नावाचा खेळणी बनवणारा उभा केला. त्याची कंपनी मुलांसाठी काचेच्या तुकड्यांनी भरलेली पिशवी विकते आणि मुलाखत घेणाऱ्या कँडिस बर्गनने जाब विचारला की तो न डगमगता, काहीसा दुखावल्या सुरात, आपल्या मालाची बाजू मांडत राहतो. या प्रहसनाचा मोटारींशी संबंध नाही. तरी पुढे मोटार कंपन्यांवर झालेल्या प्रहसनांचा साचा इथेच तयार झाला. दोष ढळढळीत समोर असतो, त्यावर कोणाचेही दुमत नसते, आणि हसू येते ते फक्त बचावाला. पुढच्याच महिन्यात, 15 जानेवारी 1977 च्या भागाचे सूत्रसंचालन करायला खुद्द नेडर आले होते.

यानंतर फोर्ड पिंटोची पाळी आली. सप्टेंबर 1970 मध्ये बाजारात आलेल्या या छोट्या गाडीसाठी फोर्डचे अधिकारी ली आयकोका यांनी घातलेली अट साधी होती: वजन 2000 पौंडांच्या आत, किंमत 2000 डॉलरच्या आत. नवी गाडी आखून कारखान्यातून बाहेर पडायला तेव्हा साधारण 43 महिने लागत. पिंटोचे काम सुमारे 25 महिन्यांत उरकले. पेट्रोलची टाकी मागच्या आसाच्या मागे, बंपरच्या जवळ होती. मागून धक्का बसला की टाकी पुढे सरकून डिफरन्शियलच्या बोल्टांवर आदळे आणि फाटे. पेट्रोल भरायची नळीही टाकीतून निसटे. सांडलेल्या पेट्रोलला ठिणगी मिळाली की आग लागे.

‘मदर जोन्स’ या मासिकाच्या सप्टेंबर-ऑक्टोबर 1977 च्या अंकात मार्क डाउई यांचा या गाडीवरचा लेख आला. त्याबरोबर एक हिशेब लोकांसमोर आला, आणि तो कोणत्याही विनोदकाराच्या कल्पनेपलीकडचा होता. गाडीमागे 11 डॉलर खर्चून आग टाळता येईल. सव्वा कोटी वाहनांना हा खर्च 13 कोटी 70 लाख डॉलर. दुसऱ्या पारड्यात 180 मृत्यू, प्रत्येकी 2 लाख डॉलर. 180 गंभीर भाजलेले, प्रत्येकी 67 हजार. 2100 जळालेल्या गाड्या, प्रत्येकी 700 डॉलर. बेरीज 4 कोटी 95 लाख. म्हणजे माणसे जळू देणे स्वस्त. हे टिपण वाचताना अंगावर येतो तो त्यातला नीटनेटकेपणा. माणसाच्या मरणाखाली गाडीचा पत्रा येतो, दोन्हींना दर लावलेला आहे, शेवटी बेरीज आहे.

या टिपणाविषयी दोन गोष्टी चुटक्यांत कधी आल्या नाहीत. एक म्हणजे ते पिंटोबद्दल नव्हतेच. सर्व अमेरिकी गाड्यांना लागू होणाऱ्या एका प्रस्तावित नियमावर फोर्डने 1973 मध्ये सरकारी यंत्रणेसाठी ते तयार केले होते, आणि त्यात विचार होता तो गाडी उलटून लागणाऱ्या आगीचा, मागून बसणाऱ्या धडकेचा नव्हे. दुसरी म्हणजे माणसामागे 2 लाख डॉलर हा आकडा सरकारी यंत्रणेचाच होता. मृतांच्या संख्येचेही तसेच. डाउई यांच्या लेखात 500 ते 900 मृत्यूंचा अंदाज होता. सरकारी तपासात मागून धडक बसून लागलेल्या आगीचे 27 मृत्यू नोंदले गेले. कायद्याचे प्राध्यापक गॅरी श्वार्ट्झ यांनी 1991 मध्ये या सगळ्याची छाननी केली. एकूण मृत्यूंच्या प्रमाणात पिंटो त्या काळच्या छोट्या गाड्यांच्या पंगतीतलीच होती, मागून धडकेने लागणाऱ्या आगीत मात्र तिची कामगिरी वाईट होती, असा त्यांचा निष्कर्ष. टाकीचा दोष खोटा नव्हता. त्याभोवती उभी राहिलेली दंतकथा त्याहून मोठी होती.

घटनांचा वेग पाहता दंतकथा पसरणे साहजिक होते. फेब्रुवारी 1978 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत ज्युरीने भाजलेल्या एका मुलाच्या दाव्यात फोर्डला 12 कोटी 50 लाख डॉलरचा दंडात्मक भुर्दंड सुनावला. न्यायाधीशांनी तो 35 लाखांवर आणला. जूनमध्ये फोर्डने 15 लाख पिंटो आणि तिची बहीण मर्क्युरी बॉबकॅट परत बोलावल्या. दुरुस्ती काय होती? टाकी आणि डिफरन्शियल यांच्यामध्ये प्लास्टिकची एक ढाल आणि थोडी लांब नळी. ऑगस्टमध्ये इंडियाना राज्यात मागून धडक बसून पेटलेल्या पिंटोत तीन मुली मरण पावल्या आणि फोर्डवर बेदरकारपणे मृत्यूस कारणीभूत झाल्याचा फौजदारी खटला उभा राहिला. सदोष मालाबद्दल अमेरिकेत एखाद्या मोठ्या कंपनीवर असा खटला पहिल्यांदाच भरला जात होता. मार्च 1980 मध्ये विनामॅक या छोट्या गावात ज्युरीने फोर्डला निर्दोष सोडले. त्याच वर्षी पिंटोचे उत्पादन थांबले.

खटले संपले, पण विनोद थांबले नाहीत, उलट मोकळे झाले. झकर बंधू आणि जिम अब्राहम्स यांच्या ‘टॉप सीक्रेट!’ (1984) या चित्रपटात पाठलाग करणारी एक लष्करी गाडी करकचून ब्रेक लावते, घसरत येते आणि समोर उभ्या पिंटोच्या मागच्या बंपरला अगदी अलगद टेकते. क्षणभर काहीच होत नाही. मग दणका उडतो. चित्रपटातली घटना पूर्व जर्मनीत घडते, आणि तिथे पिंटो असण्याचे काहीच कारण नाही. ती तिथे ठेवली आहे ती अमेरिकी प्रेक्षकांसाठी. एकही शब्द न बोलता हशा पिकतो, कारण सात वर्षांच्या बातम्या प्रेक्षक सोबत घेऊनच थिएटरात आलेला असतो. पिंटोवरच्या शेकडो चुटक्यांपेक्षा हे दृश्य सरस आहे, कारण ते काहीच समजावून सांगत नाही. त्याची किंमतही कोणीतरी मोजली: टाकीत सुधारणा केलेल्या 1977 नंतरच्या पिंटोंनाही त्याच हशाने गाठले.

स्वस्त परदेशी गाड्यांची लाट आली तेव्हा ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ने 1986 मध्ये ‘अडोबी’ नावाच्या काल्पनिक गाडीची जाहिरात केली. मेक्सिकोत बनलेली, मातीची, 200 डॉलरच्या आतली मोटार. ठोकर लागली की गाडी ढासळते आणि मालक तिला हातानेच पुन्हा आकार देतो. आदल्या वर्षी युगोस्लाव्हियाहून आलेली 3990 डॉलरची युगो तेव्हा चेष्टेचा विषय झालीच होती. असल्या विनोदात थोडी मग्रुरी असते. मॉडेल टीवर हसणारा देश आता परक्यांच्या पत्र्याला हसत होता, आणि सुरक्षेचा प्रश्न केवळ तोंडी लावण्यापुरता होता.

युरोपातही असे हसू होतेच. ब्रिटनमध्ये टॅमवर्थच्या रिलायंट कंपनीची तीनचाकी गाडी, पुढे एकच चाक असल्याने वळणावर कलंडणारी, हा दूरचित्रवाणीचा हुकमी विषय होता. ‘मिस्टर बीन’ मालिकेत बीनची मिनी एका निळ्या रिलायंटला पुन्हा पुन्हा आडवी करते. जून 2010 मध्ये ‘टॉप गिअर’च्या जेरेमी क्लार्कसन यांनी रिलायंट रॉबिन चालवताना ती दर वळणाला उलटवून दाखवली, गाडी सहज उलटावी म्हणून तिच्या डिफरन्शियलमध्ये फेरफार केला होता, हे त्यांनी काही वर्षांनी स्वतःच लिहिले. मर्सिडीजची फजिती याहून मजेदार. ऑक्टोबर 1997 मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाने नवी ए-क्लास रस्त्यात अचानक आडव्या आलेल्या मूस हरणाला चुकवण्याच्या चाचणीत घातली आणि ती उलटली. मग कोणीतरी तीच चाचणी पूर्व जर्मनीच्या जुन्या, सगळ्यांनी हिणवलेल्या ट्राबांट गाडीवर करून पाहिली. ट्राबांट पार झाली. वृत्तपत्रांना याहून जास्त काही नको होते. मर्सिडीजने विक्री काही काळ थांबवली, गाडीचे संतुलन राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली, आणि पुढे ही यंत्रणा छोट्या गाड्यांतही रुळली.

अमेरिकेत 1990 च्या दशकात विनोदाचा रोख गाडीवरून हळूहळू कचेरीकडे वळला. ‘द सिम्प्सन्स’ मालिकेच्या 22 फेब्रुवारी 1998 च्या भागात ‘कॅन्यनेरो’ नावाच्या अवाढव्य गाडीची जाहिरात येते. जाहिरातीचे गाणे गाडीचे गुण गाता गाता तिचे दोषही त्याच चालीत गाऊन टाकते: ती रस्त्यावर धोकादायक ठरवली गेली आहे आणि तिला लागणाऱ्या आगींचा सोक्षमोक्ष कोर्टात व्हायचा आहे. पुढे दोनच वर्षांनी, ऑगस्ट 2000 मध्ये, मुख्यतः फोर्ड एक्सप्लोररवर बसवलेले 65 लाख फायरस्टोन टायर परत बोलावण्याची वेळ आली, कारण त्यांचा पृष्ठभाग सुटून गाड्या उलटत होत्या. चक पालानिक यांची ‘फाइट क्लब’ ही कादंबरी 1996 ची आणि तिच्यावरचा डेव्हिड फिंचर यांचा चित्रपट 1999 चा. तिचा निवेदक एका मोटार कंपनीत काम करतो. रस्त्यावर असलेल्या गाड्या, दोषाची शक्यता आणि कोर्टाबाहेरची सरासरी तडजोड यांचा गुणाकार परत बोलावण्याच्या खर्चापेक्षा कमी भरला, तर कंपनी गाड्या परत बोलावत नाही, हे तो विमानात शेजारच्या प्रवाशाला थंडपणे सांगतो. हे सूत्र पिंटोच्या हिशेबाचे वंशज आहे, हे उघड आहे. पालानिक स्वतः पोर्टलंडमध्ये फ्रेटलायनर या ट्रक कंपनीत डिझेल मेकॅनिक होते; कारखान्याच्या भाषेचा कोरडेपणा त्यांना ऐकून माहीत होता. कादंबरीत कंपनीचे नाव मात्र येत नाही.

टोयोटाच्या वेळी नाव झाकायची गरज उरली नव्हती. ऑगस्ट 2009 मध्ये सॅन डिएगोजवळ भरधाव सुटलेल्या लेक्ससमध्ये चौघांचा मृत्यू झाला. पायाखालची चटई अॅक्सिलरेटरमध्ये अडकण्याचा प्रश्न, मग चिकटून राहणाऱ्या पेडलचा प्रश्न असे करत लाखो गाड्या परत बोलावल्या गेल्या, आणि जानेवारी 2010 मध्ये कंपनीने अमेरिकेत आठ मॉडेलांची विक्रीच थांबवली. ‘मूव्हिंग फॉरवर्ड’ असे घोषवाक्य मिरवणाऱ्या कंपनीच्या गाड्या थांबेनात, ही रात्रीच्या कार्यक्रमांना आयती मिळालेली मेजवानी होती. जॉन स्ट्युअर्ट यांच्या ‘द डेली शो’ने टोयोटाच्या वार्षिक ‘टोयोटाथॉन’ या विक्रीमोहिमेचे नाव घेऊन त्याला ‘मृत्यूचा’ असे शेपूट जोडले. 24 फेब्रुवारीला कंपनीचे अध्यक्ष आकिओ टोयोडा यांनी काँग्रेसच्या समितीपुढे येऊन माफी मागितली. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये दोष असल्याची शंका नासाच्या अभियंत्यांनी तपासली. फेब्रुवारी 2011 च्या अहवालात तसा दोष आढळला नाही, आणि ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटर दाबला गेल्याची प्रकरणेही बरीच निघाली. तोपर्यंत या विषयावरचे विनोद शिळे झाले होते. कोणीच ते मागे घेतले नाहीत. टोयोटा निर्दोष होती असेही नाही. ग्राहकांची दिशाभूल केल्याचे मान्य करून तिने मार्च 2014 मध्ये 1.2 अब्ज डॉलर भरले. ऑडीची कथा याहून करुण. 1986 मध्ये ‘60 मिनिट्स’ या टेलिव्हिजन कार्यक्रमाने ऑडी 5000 आपोआप सुटते असे दाखवल्यावर अमेरिकेतली तिची विक्री 1985 च्या सुमारे 74 हजारांवरून 1991 पर्यंत सुमारे 12 हजारांवर आली. सरकारी अभ्यासाने 1989 मध्ये मुख्यतः चुकीच्या पेडलवर पडलेल्या पायाकडे बोट दाखवले, पण तो कोणी वाचला?

या परंपरेचे सर्वांत पक्व उदाहरण 2014 च्या वसंतातले, आणि त्यात पुन्हा जनरल मोटर्स आहे. शेवरोले कोबाल्ट, सॅटर्न आयॉन अशा छोट्या गाड्यांच्या इग्निशन स्विचमधली स्प्रिंग कमजोर होती. किल्लीला जड जुडगा लटकत असेल किंवा गाडीला गचका बसला, तर किल्ली आपोआप फिरून इंजिन बंद पडे. त्याबरोबर पॉवर स्टीअरिंग आणि ब्रेकची मदत जाई, आणि एअरबॅगही निकामी होई. म्हणजे अपघात घडवणारा दोष आणि अपघातात वाचवणारे साधन बंद करणारा दोष एकच होता. कंपनीत काही जणांना याची माहिती दशकभर होती. सुट्या भागाची किंमत डॉलरच्या आत होती. फेब्रुवारीत सुरू झालेली परतबोलावणी मार्चअखेर 26 लाख गाड्यांवर गेली. कंपनीने सुरुवातीला 13 मृत्यू मान्य केले. भरपाई निधीने अखेर 124 मृत्यूंचे दावे मंजूर केले.

मुख्याधिकारी मेरी बारा यांना त्या पदावर येऊन तीनच महिने झाले होते. 1 आणि 2 एप्रिलला त्या काँग्रेसच्या समित्यांपुढे आल्या आणि बहुतेक अडचणीच्या प्रश्नांना त्यांनी अंतर्गत चौकशी चालू असल्याचे उत्तर दिले. 5 एप्रिलच्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ची सुरुवातच या साक्षीच्या प्रहसनाने झाली. केट मॅकिननची बारा प्रत्येक प्रश्नाला तोच गुळमुळीत नकार वेगवेगळ्या शब्दांत देत राहते, अगदी ज्याचे उत्तर शेंबड्या पोरालाही माहीत असेल अशा प्रश्नालाही. इथे स्फोट नाही, मोडकी गाडी नाही, स्विचचे नावही फारसे नाही. अर्विन मेनवे आपल्या मालाची बाजू तरी मांडत असे; ही बाई कोणतीच बाजू मांडत नाही. अडतीस वर्षांत उत्पादकाचा वकिली बाणा जाऊन चौकशीची ढाल आली होती, आणि प्रहसनाने ती अचूक टिपली.

16 मे रोजी जनरल मोटर्सला साडेतीन कोटी डॉलरचा दंड झाला. त्या वेळच्या कायद्यातली ही कमाल रक्कम. आदेशासोबत कंपनीच्या 2008 मधल्या एका अंतर्गत प्रशिक्षणाचे कागदही जाहीर झाले. अभियंत्यांनी अहवालात कोणते शब्द वापरू नयेत याची 69 शब्दांची यादी त्यात होती. ‘हिंडेनबर्ग’ (पेटून कोसळलेले हवाई जहाज) नको, ‘टायटॅनिक’ नको, ‘मृत्यूचा सापळा’ नको, ‘चालती शवपेटी’ नको, इच्छामरणाला साहाय्य करणाऱ्या डॉ. केव्होर्कियन यांच्या नावावरून केलेले विशेषण नको. ‘समस्या’ लिहू नका, ‘स्थिती’ लिहा. ‘दोष’ लिहू नका, ‘रचनेप्रमाणे काम करत नाही’ असे लिहा. यादीत ‘कॉर्वेअरसारखी’ हाही शब्द होता. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीच्या फजितीचे नाव कंपनीच्या स्वतःच्याच मनात किती ठसले होते, याचा याहून चांगला पुरावा नाही. वरिष्ठांनी अभियंत्यांना सांगायची गरज पडावी, म्हणजे हे शब्द कोणाच्या तरी लेखणीतून येऊ शकतात याची त्यांना धास्ती होती.

दोन दिवसांनी जॉन ऑलिव्हर यांनी ‘लास्ट वीक टुनाइट’मध्ये ही यादी घेतली. कार्यक्रम नवा होता, आणि तो एचबीओवर होता. एचबीओ वर्गणीवर चाले, मोटार कंपन्यांच्या जाहिरातींवर नव्हे. यादी वाचून दाखवणे हाच अर्धा विनोद होता. लेखकांना फारसे काही रचावे लागले नाही. जूनमध्ये वकील अँटन वालुकास यांचा अंतर्गत चौकशीचा अहवाल आला, आणि त्यात तर कंपनीच्या आतल्यांनीच आपल्या कारभाराला ठेवलेली टोपणनावे होती. बैठकीत सगळ्यांनी माना डोलवायच्या आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करायचे नाही, याला ‘जीएम नॉड’ म्हणत. दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन बोटे दोन्ही बाजूंच्या सहकाऱ्यांकडे करायची, म्हणजे जबाबदारी त्यांची, याला ‘जीएम सॅल्यूट’. एवढी वर्षे बाहेरचे विनोदकार जे दाखवू पाहत होते, ते आतल्या कर्मचाऱ्यांनी कधीच नावांसकट रचून ठेवले होते. पंधरा जणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि सप्टेंबर 2015 मध्ये न्याय खात्याशी तडजोड करताना कंपनीने 90 कोटी डॉलर भरले.

या सर्व विनोदांनी एकही गाडी परत बोलावून आणली नाही. प्रत्येक वेळी आधी पत्रकार, वकील किंवा सरकारी तपासनीस पोचला होता. विनोदाने केले ते एवढेच, की कोणते प्रकरण लक्षात राहील हे ठरवले. त्यासाठी प्रेक्षकाला ओळखीचे, बॉनेटवर लिहिलेले नाव लागते. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट वापरले होते. उष्ण, दमट हवेत ते बिघडे आणि एअरबॅग फुगताना तिचे धातूचे आवरणच फुटून त्याचे तुकडे प्रवाशांच्या अंगात घुसत. एकट्या अमेरिकेत 6 कोटी 70 लाखांहून अधिक फुगवणाऱ्या डब्या बदलायची वेळ आली, आणि त्या देशाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी परतबोलावणी ठरली. पिंटो किंवा कोबाल्टच्या तुलनेत तिच्यावर विनोद फार थोडे झाले, कारण टकाटाचे नाव कोणत्याही गाडीवर नव्हते. जून 2017 मध्ये टकाटाने जपान आणि अमेरिकेत दिवाळखोरी जाहीर केली.